जिथे आजी हसली

दीपाली ओव्हाळला ‘चालतंय की’ हे शब्द आवडत नाहीत. शाळेत होती तेव्हाही आवडत नसत. ती सहावीत असताना स्नेहसंमेलनासाठी मुलांनी पुण्याचा मोठा नकाशा रंगवला होता. नकाशा मांडवात लागला आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या जरा आधी तिच्या लक्षात आलं, की कुणीतरी कात्रजचा तलाव शहराच्या उत्तरेला काढून ठेवलाय. बाकीची मुलं म्हणाली, चालतंय की, रंग बघ किती छान आलाय. दीपालीनं बाकावर बाक चढवला, तलावावर पांढरा कागद चिकटवला आणि दक्षिणेला नवा तलाव काढला. पाहुणे आले तेव्हा तिच्या गणवेशाच्या दोन्ही बाह्या निळ्या होत्या. मी तिची वर्गशिक्षिका होते; मी तिला म्हटलं, “अगं, कुणाच्या लक्षात तरी आलं असतं का?”

ती म्हणाली, “कुणाच्याच आलं नसतं, बाई. म्हणून तर.”

तिचे वडील सुखदेव बसच्या डेपोत मेकॅनिक होते. पालकसभेला यायचे ते हात दोनदोनदा धुऊन, तरी नखांत काळं राहायचंच. मुलीचा हट्टीपणा कमी करा, असं एकदा एका शिक्षकांनी त्यांना सुचवलं, तर ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, ब्रेक थोडासा लागतो असं आमच्याकडे नसतं. लागतो किंवा लागत नाही. पोरगी माझ्यावर गेली असंल.” आई-वडील दोघंही कामावर जात, त्यामुळे दीपालीला वाढवलं ते आजीनं, हिराबाईंनी. घराण्यानं बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा हिराबाई परकरी पोर होत्या. लग्न होऊन त्या कात्रजपलीकडच्या गावात आल्या आणि तिथंच राहिल्या. गाव मात्र राहिलं नाही. ते महापालिकेत गेलं, रानांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि हिराबाई ज्या बांधावर गवत कापायच्या तिथं आता एक जिम आहे.

दीपालीचा पहिला कॉम्प्युटर बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सुट्या भागांत आला. सुखदेवांनी स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये तो डबा ठेवला होता आणि मागे दीपाली मॉनिटर पोटाशी धरून बसली होती. ती कॉलेजातून संगणकशास्त्र शिकली आणि कोथरूडमध्ये एका लहानशा कंपनीत लागली. खाली ट्यूशन क्लास, वर तिचं ऑफिस. शाळा, दवाखाने, पतसंस्था यांच्यासाठी ते संकेतस्थळं बनवतात. नुसती पानं बनवून देत नाहीत, तर पानं भरायची व्यवस्थाही बनवतात. म्हणजे संगणकातलं काही न कळणारा माणूसही चौकटीत मजकूर टाकतो, बटण दाबतो आणि पान तयार होतं. तिच्या भाषेत ही सीएमएस. मी निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या वाचनालयात जाऊ लागले, तेव्हा ती पुन्हा भेटली. तिथल्या ‘गावच्या आठवणी’ या संग्रहाची सीएमएस तिनं फुकट बांधून दिली होती.

संग्रहाचं काम सोपं होतं. गावातल्या जुन्या माणसांना बोलतं करायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं, आणि आम्ही निवृत्त मंडळींनी ते शब्दशः उतरवून संकेतस्थळावर चढवायचं. आमचे म्होरके अनिरुद्ध लोणकर. ते नोकरीला बँकेत होते, पण त्यांचा जीव हौशी नाटकांच्या विंगेत. आयुष्यभर त्यांनी प्रॉम्प्टिंग केलं. त्यामुळे नुसतं वाक्य उतरवून भागत नाही, माणूस ते कसं बोलला हेही लिहायला हवं, हा त्यांचा आग्रह. साध्या कंसात आम्ही जुन्या शब्दांचे अर्थ देत होतो, तेव्हा हावभावांसाठी लोणकरांनी गणितातली लहान-मोठ्याची चिन्हं निवडली. म्हणजे एखादी बाई सांगता सांगता हसली, की आम्ही लिहायचो: <हसते>. गप्प झाली, की <थांबते>. नाटकवाल्यानं दिलेली शिस्त आम्ही सगळ्यांनी मनापासून पाळली.

आणि ती शिस्तच आमच्या अंगाशी आली.

एका गुरुवारी दुपारी समर्थ जगदाळे वाचनालयात आला. विमलाबाई जगदाळ्यांचा नातू. जगदाळ्यांची मूळची मोठी शेती, म्हशी. दूध कात्रजच्या डेअरीला जायचं. आता त्यांच्या जमिनीवर तीन इमारती आहेत आणि खालच्या गाळ्यात समर्थचं मोबाइलचं दुकान. हिराबाई तरुणपणी विमलाबाईंच्या रानात खुरपायला जायच्या. पुढे रान गेलं, दोघींचे नवरे गेले, पण दोघी मात्र रोज संध्याकाळी जगदाळ्यांच्या सोसायटीच्या फाटकापाशी कट्ट्यावर बसायच्या. भाजी निवडायला एकीची पिशवी असे आणि वादाला विषय दुसरीचा.

समर्थनं फोन लोणकरांच्या पुढे धरला. “काका, हे काय लिहिलंय तुम्ही? आमच्या आजीवर डायरेक्ट जातीचा आरोप?”

पान हिराबाईंच्या आठवणींचं होतं. त्यावर होतं: ‘विमलाच्या घरी मला कधी पानी मिळालं न्हाई. इतकी वर्सं तिच्या रानात राबले. पर पानी? नाव नको.’ त्यापुढे लगेच दुसरा विषय, कांद्याच्या चाळीचा.

लोणकरांनी चष्मा वर केला, खाली केला. “पण इथं तर...” ते पुटपुटले, “इथं दोघी हसल्या होत्या. मी स्वतः उतरवलंय.”

मलाही ती दुपार आठवत होती. रेकॉर्डिंगला विमलाबाई हिराबाईंच्या शेजारीच बसलेल्या होत्या. पाणी मागितलं की विमलाबाई ताक द्यायच्या, नाही म्हटलं तरी द्यायच्या, ‘पानी काय नदीला बी असतंय’ म्हणायच्या. त्यावरून हिराबाई त्यांना गेली कित्येक वर्षं टोमणे मारत आल्या होत्या. ते वाक्य झाल्यावर दोघी इतक्या हसल्या होत्या की पुढचं ताकाचं सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

पानावर मात्र हसू नव्हतं. बौद्ध म्हातारी सांगतेय की जगदाळ्यांच्या घरी तिला पाणी मिळत नव्हतं, एवढंच होतं. वाचणाऱ्यानं त्याचा काय अर्थ घ्यायचा? जो घ्यायचा तोच लोकांनी घेतला.

“स्क्रीनशॉट फिरतायत ग्रुपवर,” समर्थ म्हणाला. “आजी चार दिवस जेवली नाही नीट. खाली उतरत नाही. पान काढून टाका, नाहीतर आजीच्या आठवणी पण आम्हाला परत द्या.”

दीपालीला फोन गेला; ती येईपर्यंत समर्थ तिथंच बसून राहिला. ती संध्याकाळी ऑफिसमधून थेट आली, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि संकेतस्थळाची मागची बाजू उघडली. तिथं लोणकरांनी चढवलेला मूळ मजकूर जसाच्या तसा होता: <दोघी हसतात>. पुढच्या बाजूला, लोकांना दिसणाऱ्या पानावर, तो नव्हता.

दीपालीनं मूळ मजकूर आणि पान शेजारी शेजारी उघडलं. मग तिनं आम्हाला समजावून सांगितलं. पानावर काय ठळक, काय तिरपं, कुठे परिच्छेद, हे संगणकाला सांगायच्या खुणा याच चिन्हांत लिहितात. बाहेरच्या कुणी भलतीच खूण घुसवू नये, म्हणून तिनं व्यवस्थेला एक चाळणी लावली होती. ओळखीची खूण असेल तर आत, नाहीतर गाळून टाकायची. ‘दोघी हसतात’ ही खूण चाळणीच्या ओळखीची नव्हती.

“म्हणजे,” लोणकर म्हणाले, “आपल्या यंत्रानं दोन बायकांचं हसू कचरा समजून टाकून दिलं.”

“हो, काका. चाळणी माझी होती.”

“उत्तम. पुण्यात माणसं हसत नाहीत अशी तक्रार होतीच. आता यंत्रंही इथली झाली म्हणायची.”

दीपाली हसली नाही. “आणि सांगितलंही नाही त्यानं आपल्याला. पान छान दिसतंय. चुकलंय असं कुठेच दिसत नाही.”

तिनं त्या पानावरचं हसू तिथल्या तिथं हातानं परत घातलं, साध्या कंसात. समर्थनं वाचलं. तो जरा नरमला, पण जागचा हलला नाही. “ताई, मग वरती पण टाका ना. ते वरच्या आळीचं लिहिलंय, तिथं.”

हिराबाईंच्या त्याच पानावर, थोडं वर, आणखी एका घराची आठवण होती. नाव न घेता सांगितलेली. त्या घरी पाणी ओंजळीत वरून ओतायचे आणि उंबऱ्याला शिवू द्यायचे नाहीत.

“त्या घरात आमची सोयरीक आहे,” समर्थ म्हणाला. “आजी तुझी गमतीशीरच आहे. ते पण हसूनच सांगितलं असेल. दोन्हीकडे हसू टाका, विषय संपला.”

“नाही,” दीपाली म्हणाली. “तिथं आजी हसली नाही.”

“कुणाला कळणारे?”

“समर्थ, आजी जिथे हसली तिथे हसू राहील. जिथे नाही हसली, तिथे मी ते घालणार नाही.”

ती हे मोठ्यानं बोलली नाही. पण सुखदेवांचं ब्रेकविषयीचं वाक्य माझ्या कानांत वाजलं. समर्थ आजीला विचारून सांगतो म्हणून निघून गेला.

घरी हिराबाई दीपालीची वाटच बघत होत्या. त्यांनी नातीला सरळ सांगितलं, “काढून टाक ते पान. समदंच काढ. वरच्या आळीचं बी ऱ्हाऊ दे, माझं मी गिळीन. कट्ट्यावर एकटी बसले चार दिस. तुझ्या त्या पानापायी माझी मैतरीण गेली.”

दीपालीनं मला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. पान काढलं की मैत्रीण परत मिळेल, असं आजीला वाटत होतं. आणि पान काढलं की आजीनं आयुष्यात पहिल्यांदा उघड सांगितलेली ती ओंजळीची गोष्टही जाणार होती. “बाई, तिला दोन्ही मिळायला हवं,” ती म्हणाली. बस्स, एवढंच ठरवून ती विमलाबाईंकडे गेली आणि मलाही बरोबर नेलं.

विमलाबाई चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसल्या होत्या. तिथून कट्टा दिसतो. दीपालीनं फोन काढला, रेकॉर्डिंग ऐकवते म्हणाली. विमलाबाईंनी हात आडवा केला.

“मला कशाला ऐकवतीस? मी हुते की तिथं. मी बी हसले.”

“मग, विमलाआजी, राग कसला?”

“हिराचा राग न्हाई गं. हिरानं काय म्हनलं त्ये मला ठावं हाय आन् तिला ठावं हाय. पर माझ्या नातसुनेच्या माहेरी वाचलं, त्यांना कुठं ठावं हाय? आता मी कट्ट्यावर जाऊन हिराजवळ बसले, तर लोक म्हनतील, बघा, आपलं झाकायला बसलीया.” त्यांनी पदर सारखा केला. “तू शिकलेली पोर. तू एका पानावर हसू घातलंस. उद्या परत गळलं तर? ल्हिवल्यालं असतंय त्ये आमी मेल्यावर बी ऱ्हातंय. ते पक्कं करून दे. मग येईन मी खाली.”

जिना उतरताना दीपाली एकदम ताठ झाली होती. “बघितलंत, बाई? एक पान दुरुस्त करून चालणार नाही, हे त्यांना कळलंय. वाचनालयाच्या समितीला कळायचंय अजून.”

समितीला सगळं लवकर आटपायचं होतं. संकेतस्थळ तसंही नव्या व्यवस्थेवर हलवायचं ठरलं होतं, आणि ती कुठल्या पद्धतीची असावी हे दीपालीनं सांगायचं होतं. पद्धती दोन. एकीचं नाव एचटीएमएल, दुसरीचं एक्सएचटीएमएल. दोन्हींतल्या खुणा जवळजवळ सारख्याच, पण स्वभाव वेगळे. मी चाळीस मुलांच्या वह्या तपासलेली बाई, मला ते असं समजलं: एचटीएमएल म्हणजे समजूतदार शिक्षक. मुलानं अर्धवट लिहिलं, तरी त्याला काय म्हणायचं असेल ते ओळखून पुढे जाणारा. एक्सएचटीएमएल म्हणजे कडक शिक्षक: खूण जिथे सुरू होते तिथे उघडायची, संपते तिथे मिटायची, आणि उघडलेली प्रत्येक खूण मिटली आहे ना, ते तो बघतो. एक जरी उघडी राहिली, तरी वही परत; पानच दाखवत नाही.

तिच्या ऑफिसातला योगेश तिचा चांगला मित्र. त्याच्याशी झालेलं बोलणं तिनं मला त्याची नक्कल करून ऐकवलं. “ताई, एक्सएचटीएमएल कोण वापरतं आता? जग एचटीएमएल-फाइव्हवर आहे. तुझे लोक सत्तरीतले. एक टॅग मिटायचा राहिला की अख्खं पान बंद, वर इंग्रजीत लाल एरर. ते दुसऱ्या दिवशी येणारच नाहीत. यूजरला माफ करायला शिक.”

“यूजरला माफ करीन रे. पण माफ केलंय हे त्याला कळायला तर पाहिजे? आत्ता काय झालं? माफ केलं आणि हसू गेलं.”

“पटतंय. पण एरर कुणाला दाखवणार?”

“ते शोधते,” ती त्याला म्हणाली. आणि एक गोष्ट करून बघायची तिनं ठरवली. संकेतस्थळाची एक प्रत तिनं वेगळी काढली, जी बाहेरच्या कुणालाच दिसणार नव्हती. तिची चाळणी काढून टाकली आणि ती सगळी कडक पद्धतीवर टाकली. मग पुढच्या गुरुवारी वाचनालयाच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि आम्हा सगळ्यांना बसवून एकेक पान उघडायला लागली.

हिराबाईंचं पान उघडलंच नाही. दीपालीनं कंसात घातलेलं हसू फक्त लोकांना दिसणाऱ्या पानावर होतं. प्रतीत तिनं लोणकरांचा मूळ मजकूर ठेवला होता. पानाच्या जागी पिवळट पट्टी आणि एक लाल ओळ. विमलाबाईंचंही नाही. आनंदीबाई कुंभारणीचं नाही. एकामागून एक पानं बंद पडत गेली, तसे लोणकर खुर्चीत पुढे पुढे सरकले.

“वा, दीपालीबाई,” ते म्हणाले. “आधी नुसतं हसू गेलं होतं. आता माणसंच गेली.”

“काका, ती ओळ वाचा.”

“इंग्रजीत आहे.”

“आकडा तर वाचता येईल? कितवी ओळ म्हणतंय?”

लोणकरांनी आकडा वाचला. दीपालीनं मूळ मजकुरातली तीच ओळ उघडली. तिथं होतं: <दोघी हसतात>.

आधी कुणाला काही उमगलं नाही. मग तिनं आनंदीबाईंचं पान घेतलं. आकडा, ओळ, आणि ओळीत <हसते>. ती खूण काढल्यावर त्याच पानावर पुढे <डोळे पुसते>. यंत्र जिथं जिथं अडून बसलं होतं, तिथं तिथं कुणीतरी हसलं होतं, नाहीतर गप्प झालं होतं.

“चाळणीनं काय काय टाकलं ते मला सांगता येत नव्हतं,” दीपाली म्हणाली. “शेकडो पानं कोण वाचणार? आणि वाचून तरी काय दिसणार, पान तर छान दिसतं. हा मात्र बोट ठेवून दाखवतोय. इथं, इथं आणि इथं.”

लोणकरांनी चष्मा काढला आणि पुसला. पुसायची गरज नव्हती. “आनंदीबाई नवऱ्याच्या दारूचं सांगताना डोळे पुसत होत्या,” ते म्हणाले, “आणि आपल्या पानावर ती बाई कोरडी ठणठणीत. वर्षभर.” त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. “चला. कुठून सुरुवात करायची?”

त्यानंतरच्या दुपारी मला फार आवडल्या. यंत्र अडलं की आम्ही ती जागा रेकॉर्डिंगमध्ये काढायचो, ऐकायचो, आणि खरंच तसं आहे ना ते ताडून बघायचो. दीपालीनं हसण्याची, थांबण्याची अशी यंत्राच्या ओळखीची रीतसर खूण ठरवली होती, उघडणारी आणि मिटणारी; ती तिथं घालायची. एक दुरुस्त केली की पुढची दिसायची. काही ठिकाणी आम्हीच चूक उतरवलं होतं, हसू दुसऱ्याच वाक्याला लावलं होतं, तेही सापडलं. हिराबाईंच्या ओंजळीच्या गोष्टीपाशी यंत्र अडलं नाही. लोणकरांनी तरीही ते रेकॉर्डिंग लावलं. हिराबाईंचा आवाज सपाट, एका सुरात चालला होता. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली आणि त्या बोलतच राहिल्या. ऐकून झाल्यावर लोणकर म्हणाले, “काही घालायचं नाही इथं.” त्यांनी तो मजकूर आहे तसा पुढे सरकवला.

योगेशच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच दुपारींमध्ये मिळालं. दीपाली समितीपुढे उभी राहिली तेव्हा तिच्या हातात काही कागद नव्हता. “दोन्ही वापरायचं,” ती म्हणाली. “लिहायच्या बाजूला एक्सएचटीएमएल. मजकूर साठवताना खूण अर्धी राहिली, अनोळखी असली, तर सीएमएस तो घेणार नाही. गुपचूप गाळणारही नाही, अडवून विचारील. वाचायच्या बाजूला एचटीएमएल. वाचणाऱ्याला बंद पान कधीच दिसणार नाही, कारण चूक त्याची नसते. कडकपणा आपल्यापाशी, सैलपणा लोकांपाशी.”

एक सदस्य म्हणाले, “पण आपल्या लोकांना या खुणा जमतील का?”

“जमायची गरजच नाही. चौकटीवर बटणं देतेय. हसू, थांबणं, रडणं. शब्द निवडायचा आणि बटण दाबायचं. आणि अडलं तर सूचना मराठीत येतील. त्या लोणकरकाका लिहितायत.”

त्या सूचना मी इथं दिल्याच पाहिजेत, कारण वाचनालयात आता लोक मुद्दाम चुका करून त्या वाचतात. ‘चौदाव्या ओळीत कुणीतरी हसायला लागले आहे. ते कुठे थांबले हे कळवल्याशिवाय पान घेतले जाणार नाही.’ दुसरी: ‘ही खूण आमच्या परिचयाची नाही. परिचय करून द्यावा अथवा खूण काढावी.’ आणि तिसरी, जी योगेशनं आपल्या ऑफिसात छापून लावली: ‘तेच बटण पुन्हा दाबल्याने चूक बरोबर होत नाही.’

नवी व्यवस्था सुरू झाली त्याच संध्याकाळी दीपाली लॅपटॉप घेऊन विमलाबाईंच्या चौथ्या मजल्यावर गेली. मीही गेले. समर्थ दुकान नोकराकडे सोपवून वर आला होता. तिनं हिराबाईंचं पान उघडलं. ‘पर पानी? नाव नको’ आणि त्यापुढे, जरा तिरप्या अक्षरांत, ‘दोघी हसतात’.

“आता हे काढून दाखव,” दीपाली समर्थला म्हणाली आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. तिनं त्याला त्याच्याच नावानं संकेतस्थळाच्या मागच्या बाजूला शिरू दिलं. समर्थनं लिहायच्या चौकटीत जाऊन हसण्याची अर्धी खूण पुसली आणि साठवायचं बटण दाबलं. लोणकरांची सूचना आली. त्यानं पुन्हा दाबलं. बटणाची ती तिसरी सूचना आली. ती वाचून त्याला हसू आवरेना.

“आणि पूर्ण पुसली तर?” त्यानं विचारलं.

“पूर्ण पुसता येईल. माणसानं ठरवून पुसलं तर यंत्र काय करणार? पण कुणी पुसलं त्याचं नाव राहतं. आपोआप गळणार मात्र नाही.”

समर्थनं खूण होती तशी घातली. वरच्या आळीच्या ओळींवरून त्याचं बोट जरा रेंगाळलं. मग त्यानं लॅपटॉप परत दिला.

विमलाबाई हे सगळं बघत होत्या. “त्या पानाखाली माझं बी ल्हिव,” त्या म्हणाल्या. “ल्हिव, हिरा ताक फुकट प्यायची आन् वर नावं ठिवायची. शेर शेर प्यायची.”

दीपालीनं लिहिलं. “हसू घालू?”

“मी हसले का?”

“नाही अजून.”

“मग घालू नगंस. खरंच शेर शेर प्यायची ती.” आणि मग त्या हसल्या, अगदी खोकला येईपर्यंत. दीपालीनं बटण दाबलं.

विमलाबाई उठल्या. नातू हात धरायला पुढे आला, तो त्यांनी बाजूला केला. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तांब्या भरला, वर फुलपात्र पालथं घातलं आणि लिफ्टकडे निघाल्या. आम्ही मागोमाग.

कट्ट्यावर हिराबाई एकट्या बसल्या होत्या, मेथी निवडत. विमलाबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. सोसायटीत संध्याकाळची वर्दळ होती. क्लासहून येणारी मुलं, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, वॉचमन. विमलाबाईंनी फुलपात्र भरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “घे. पानी हाय. दीपे, ल्हिव, पानी दिलं म्हनून.”

हिराबाईंनी फुलपात्राकडे बघितलं. मग मैत्रिणीकडे. मेथीचा हात पदराला पुसून त्यांनी ते घेतलं आणि सगळं पिऊन रिकामं केलं.

“गोड हाय,” त्या म्हणाल्या. “ताक संपलं काय?”

विमलाबाई कट्ट्यावर बसल्या, अर्धी मेथी त्यांनी आपल्या पुढ्यात ओढली आणि समर्थला ताक आणायला वर पिटाळलं.